बोटांचा हिशेब

मे महिना. कूलरमध्ये तिसरी बादली ओतून
मी रशियातल्या बर्फावर चालते आहे.
टेबलावर तीन बखरींच्या झेरॉक्स,
राजपुत्र एकच. मागाहून संत झालेला.

पहिली बखर शत्रूची. तीत सरदार मेले वीस,
सहा धरले, आणि मेलेले पडले गवतावर.
गवतावर. म्हणजे काठालाच.
दुसरी त्याच्या शहराची: चारशे.
तिच्या पुढच्या नकलेत पाचशे.
नक्कल करणाऱ्याचा हात थंडीनं आखडला असेल,
आकडा नाही आखडला.
घोड्यांसकट बुडवणारा बर्फ तर तिन्हींत नाहीच,
तो फार मागाहून कुणीतरी फोडला.

पुढे तो खानाच्या छावणीत गेला. वाकला.
शहराची बखर लिहिते, 'गेला'.
चरित्रात खान थक्क होतो,
असा राजा दुसरा नाही म्हणतो.
मग खानाचे मोजणीदार आले, घरटी डोकी मोजायला.
त्याच्या मुलाला ज्यांनी फितवलं
त्यांची नाकं त्यानं कापवली.
हे शहराच्या बखरीत आहे. चरित्रात नाही.

मला रशियन येते ती बाबांमुळे.
युनियनच्या वाचनालयात मॉस्कोहून गठ्ठे यायचे,
गुळगुळीत कागद, रॉकेलसारखा वास,
आणि सोनबा हेडाऊ, मागखात्यातले, तिसरी पास,
म्हणायचे, "हे अक्षरं शिकून घे वं माय,
मालकाले येत नाही असं काही
आपल्या घरी पाहिजे."

संप एकशे अकरा दिवस चालला.
त्या रात्री बाबा सिव्हिल लाइन्सला गेले,
बंगल्याच्या मागच्या दारानं,
सही करून आले.
सकाळी भोंगा झाला.
सव्वाशे माणसं परत घेतली नाहीत.
ती यादी कुणी केली, आईनं विचारलं नाही.
शेजारच्या निमजे काकू मात्र
आमच्या नळावर पुन्हा आल्या नाहीत,
एप्रिलमध्येसुद्धा.

पहिल्या हँडबिलात बाबा 'विकले गेले'.
ते गेल्यावर दहाव्या वर्षीच्या स्मरणिकेत 'दूरदर्शी'.
तोवर गिरणीच राहिली नव्हती,
भांडणार कोण आणि कुठल्या गेटवर.
यंदा पंचविसावं वर्ष. गोळीबार चौकात फ्लेक्स,
पुतळ्याची वर्गणी,
आणि लेख माझा.

पेंटरचं पोरगं कच्चं चित्र घेऊन आलंय,
बाबांचा उजवा हात आभाळात, पंजा उघडा.
"ताई, बोटं पुरे काढाचे ना?"

दोन बोटं मागानं नेली होती, माझ्या जन्माआधी.
उरलेल्यांत पेन धरून ते सही करायचे,
वाकडी, उजवीकडे घसरत जाणारी.

राजपुत्राला आधी काळ्या कफनीत रंगवत,
मरताना त्यानं दीक्षा घेतली म्हणून.
साडेचार शतकांनी एका सम्राटाचा हुकूम सुटला,
कफनी उतरवा, राजवस्त्रं चढवा.
आणि पुरताना, चरित्रकार सांगतो,
धर्मगुरू क्षमेचा कागद द्यायला वाकला
तर प्रेतानं आपण होऊन हात पुढे केला.
घेतला.

गंगाबाई घाटावर बाबांचा हात मी धरला होता.
तीन बोटांचा, गार.
कुठल्याच कागदाकडे तो गेला नाही.
मी बराच वेळ पाहिलं होतं.

चरित्राची सुरुवात अशी आहे:
मी पापी, अल्पमती.
वडिलांकडून ऐकलं, काही स्वतः पाहिलं.
लेखाची सुरुवात मी हीच घेतली.
पुढे लिहिलं, सव्वाशे.
खोडून, 'काही कामगार'.
पहिल्याच नकलेत.

कूलर कोरडा खडखडतोय.
पोरगं दारात ताटकळून म्हणतं,
"नाहीतर मूठच काढतो ताई.
मुठीतले बोटं कोन मोजते?"